लॉर्ड शाफ्ट्सबरी : दीनांचा कैवारी उमराव

उमरावाच्या घरीं जन्म येणें हें कोणाच्या हातचें नाहीं, आणि कोळशाच्या खाणींत राबणाऱ्या मजुराच्या घरीं जन्म येणें हेंही नाहीं. जन्म ईश्वराधीन आहे. परंतु जन्माबरोबर जें पदरांत पडलें त्याचें काय करावयाचें, हें मात्र ज्याच्या त्याच्या स्वाधीन असतें. या एका गोष्टीचा विचार वाचकांच्या मनांत जागा व्हावा म्हणून एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांत होऊन गेलेल्या एका सरदाराचें चरित्र आम्ही आज येथें सादर करीत आहों. या पुरुषानें लढाई जिंकली नाहीं, मुलूख मिळविला नाहीं, मुख्य प्रधानाचें पदही कधीं भूषविलें नाहीं. तरी देखील त्याची अंत्ययात्रा निघाली तेव्हां लंडनचे हजारों गोरगरीब रस्त्याच्या दुतर्फा उभे होते, आणि त्यांतील कित्येकांचे डोळे पाण्यानें भरलेले होते. असें काय त्यानें केलें होतें, तें आतां पाहूं.

अँथनी ॲशले-कूपर यांचा जन्म २८ एप्रिल १८०१ रोजीं लंडन येथें झाला. घराणें जुनें व मातबर. आजोळ मार्लबरोच्या ड्यूकांचें. १८११ सालीं वडिलांकडे शाफ्ट्सबरीचे अर्ल ही पदवी आली, आणि तेव्हांपासून रिवाजाप्रमाणें या थोरल्या मुलास लोक लॉर्ड ॲशले म्हणूं लागले. बाहेरून पाहणाऱ्यास वाटावें कीं, या बालकास काय कमी असेल? परंतु जें झोपडींतील मुलासही फुकट मिळतें, तें आईबापांचें प्रेम त्यास मिळालें नाहीं. वडील अत्यंत करड्या स्वभावाचे. आई बड्या लोकांच्या मेजवान्यांत रमलेली. मुलें चाकरांच्या हवालीं असत, आणि त्या मोठ्या वाड्यांत त्यांच्या खाण्यापिण्याची व उबेचीही आबाळ होई.

त्या वाड्यांत मारिया मिलिस नांवाची एक वृद्ध कारभारीण होती. तिनें या एकाकी मुलास जवळ घेतलें, त्यास बायबलांतील गोष्टी सांगितल्या आणि प्रार्थना करावयास शिकविलें. तो लहान असतांनाच ती वारली. मरतांना तिनें आपलें सोन्याचें घड्याळ त्याच्या नांवें ठेविलें. पुढें हा मुलगा अर्ल झाला, मोठमोठ्या राजपुरुषांच्या पंक्तीस बसूं लागला, तरी त्यानें दुसरें घड्याळ कधीं वापरलें नाहीं. आपला पहिला खरा स्नेही एक चाकरीण होती, हें तो अभिमानानें सांगत असे. विद्यार्थिमित्रहो, घरांत राबणाऱ्या गड्यामाणसांशीं आपण कसें बोलतों याचा येथें क्षणभर विचार करावा.

सातव्या वर्षीं त्यास चिझिक येथील एका निवासी शाळेंत घालण्यांत आलें. तेथें घाण, उपासमार आणि मोठ्या मुलांचा छळ यांचें साम्राज्य होतें. त्या शाळेच्या आठवणीनें म्हातारपणींही त्याच्या अंगावर कांटा येई. १८१३ सालीं तो हॅरो येथील प्रसिद्ध शाळेंत गेला; तेथें त्याचे दिवस पुष्कळ बरे गेले. परंतु त्याच्या आयुष्यास वळण लावणारी गोष्ट वर्गांत घडली नाहीं, ती शाळेजवळच्या टेकडीच्या उतारावर घडली. एके दिवशीं तो तेथून जात असतां त्यास आरडाओरड व अभद्र गाणीं ऐकूं आलीं. वळणावरून चार-पांच माणसें दारूच्या धुंदींत झोकांड्या खात येत होतीं, आणि त्यांच्या खांद्यावर एक ओबडधोबड शवपेटी होती. कोणी एक निराधार गरीब मेला होता. मागें रडणारें कोणी नव्हतें. इतक्यांत त्यांचा तोल जाऊन पेटी रस्त्यावर आदळली, आणि ते शिव्या देऊं लागले. तो मुलगा तेथेंच खिळून उभा राहिला. माणूस केवळ दरिद्री म्हणून त्याच्या शेवटच्या प्रवासाची अशी विटंबना व्हावी काय? आपण मोठे होऊं तेव्हां ज्यांस कोणी नाहीं अशांचा पक्ष घ्यावयाचा, असा निश्चय त्यानें त्या टेकडीवर केला. वय चौदा-पंधरा वर्षांचें. असे निश्चय त्या वयांत पुष्कळजण करितात. पण हा निश्चय पुढें सत्तर वर्षें टिकला, हेंच या चरित्राचें रहस्य होय.

ऑक्सफर्ड येथील ख्राइस्ट चर्च कॉलेजांतून १८२२ सालीं ते प्राचीन भाषांच्या परीक्षेंत पहिल्या वर्गांत उत्तीर्ण झाले, आणि १८२६ सालीं वुडस्टॉकतर्फे टोरी पक्षाचे सभासद म्हणून कॉमन्स सभेंत शिरले. तेथें नांव मिळविण्याचे पुष्कळ सोपे मार्ग होते. त्यांनीं जें पहिलें काम पत्करलें त्यांत मात्र नांवाची आशा कोणी धरली नसती. १८२७ सालीं वेड्यांच्या इस्पितळांची चौकशी करण्यासाठीं पार्लमेंटनें एक कमिटी नेमली, तींत ते होते. बेथ्नल ग्रीन येथील एका खाजगी इस्पितळांत रोग्यांना शनिवारीं गवतावर साखळदंडांनीं जखडून ठेवीत, तें सोमवारपर्यंत त्यांच्याकडे कोणी पाहत नसे. मग थंड पाण्यानें त्यांची घाण धुऊन टाकीत. अशी हकीकत कमिटीपुढें आली. १८२८ च्या फेब्रुवारींत या विषयावरील बिलास दुजोरा देण्यास लॉर्ड ॲशले उभे राहिले. हें त्यांचें पहिलें महत्त्वाचें भाषण. पण आवाज इतका खोल गेला कीं, तें बहुतेकांस ऐकूंही आलें नाहीं. भाषण फसलें, काम मात्र फसलें नाहीं. कायदा झाला, देखरेखीसाठीं कमिशनर नेमले गेले, त्यांत ते होते; १८३४ च्या सुमारास ते त्यांचे अध्यक्ष झाले, आणि मरेपर्यंत, म्हणजे पन्नास वर्षें, त्यांनीं तें काम सोडलें नाहीं. वेडा हा गुन्हेगार नसून रोगी आहे, ही गोष्ट आज कोणासही पटते. त्या काळीं ती पटवावी लागे.

१८३० सालीं त्यांचा विवाह लेडी एमिली कूपर यांच्याशीं झाला. या बाई रूपवती, हंसतमुख व समाजांत सर्वांना प्रिय अशा होत्या. त्यांच्या मनाचें बळ १८३३ सालीं दिसून आलें. त्या काळीं कापडाच्या गिरण्यांतून आठ-आठ नऊ-नऊ वर्षांचीं मुलें बारा-बारा, चौदा-चौदा तास राबत. झोंप आली कीं मुकादमाचा पट्टा पाठीवर बसे. झोंपेच्या गुंगींत कोणाचा हात यंत्रांत सांपडे. कामाची मर्यादा दहा तासांची करावी, अशी मजुरांची मागणी होती. पार्लमेंटमधील त्यांचे पुढारी मायकल सॅडलर निवडणुकींत पडले, तेव्हां मजुरांनीं रेव्हरंड बुल नांवाच्या धर्मोपदेशकास लंडनला पाठविलें. ते लॉर्ड ॲशले यांस भेटले. ॲशले यांनीं त्यापूर्वीं गिरणीचा प्रश्न हातीं घेतला नव्हता. त्यांचा वर्ग जमीनदारांचा. या वादांत पडलें कीं श्रीमंत गिरणीवाले शत्रु होणार, मंत्रिपदाची वाट बंद होणार, हें त्यांस दिसत होतें. त्यांनीं एक रात्र मागून घेतली, प्रार्थना केली, आणि घरीं जाऊन पत्नीस सर्व संकटें सांगितलीं. तिनें न डगमगतां त्यांस पुढें जाण्यास सांगितलें. त्या वर्षीं दहा तासांचें बिल मंजूर झालें नाहीं. सरकारनें आपला निराळा कायदा केला. त्यानें नऊ वर्षांखालील मुलांस बहुतेक कापडगिरण्यांत मज्जाव केला, तेरा वर्षांखालील मुलांचें काम दिवसास ९ तासांवर आणलें, आणि देखरेखीसाठीं चार इन्स्पेक्टर नेमले. आरंभ झाला, पण लढा संपला नव्हता.

मध्यंतरीं दुसरा एक अंधार उजेडांत आला. १८३८ सालीं यॉर्कशर परगण्यांतील सिल्कस्टोन येथें एका वादळी पावसांत हस्कर खाणीच्या वाटेंत पाणी घुसलें आणि २६ मुलें-मुली बुडून मेलीं. इतकीं लहान मुलें जमिनीखालीं काय करीत होतीं, असा प्रश्न सर्वांच्या मनांत आला. लॉर्ड ॲशले यांच्या मागणीवरून १८४० सालीं चौकशी-कमिशन नेमलें गेलें, आणि १८४२ सालीं त्याचा अहवाल चित्रांसह प्रसिद्ध झाला. तो वाचून देश थरारला. पांच-सहा वर्षांचीं पोरें काळोखांत एकटीं बसून, कोळशाची गाडी आली कीं दोरी ओढून दार उघडीत. दिवसाचे बारा तास हेंच काम. त्यांहून मोठीं मुलें व मुली कमरेला पट्टा बांधून, पायांमधून साखळी घेऊन, गुडघ्यांवर रांगत गाडी ओढीत. बोळ इतके सखल कीं ताठ उभें राहणें अशक्य. ७ जून १८४२ रोजीं लॉर्ड ॲशले सुमारें दोन तास बोलले. यांत अलंकार नव्हते, केवळ हकीकती होत्या. सभेंत कित्येकांना अश्रु आवरले नाहींत. त्याच वर्षीं कायदा झाला : कोणत्याही स्त्रीनें वा मुलीनें, आणि दहा वर्षांखालील मुलानें, खाणींत काम करूं नये. मुलांची मर्यादा तेरा वर्षांची असावी अशी त्यांची इच्छा होती. खाणींचे मालक असलेल्या उमरावांनीं ती खालीं आणली. जें मिळालें तें घेऊन ते पुढच्या कामास लागले.

आतां त्यांच्या सत्त्वपरीक्षेचा प्रसंग सांगतों. १८४१ सालीं त्यांच्याच पक्षाचे सर रॉबर्ट पील मुख्य प्रधान झाले आणि त्यांनीं लॉर्ड ॲशले यांस राजवाड्यांतील मानाची जागा देऊं केली. ॲशले यांची मिळकत बेताची, मुलें पुष्कळ, आणि वडिलांचें मन त्यांच्यावर प्रसन्न नव्हतें. तथापि पील हे दहा तासांच्या बिलास विरुद्ध आहेत असें कळतांच त्यांनीं ती जागा नाकारली. १८४४ सालीं कॉमन्स सभेनें एकदां थोड्या मतांच्या आधिक्यानें त्यांची बाजू उचलून धरली. पण मंत्रिमंडळानें राजीनाम्याची भीति घातली आणि सभेनें आपलें मत फिरविलें. १८४६ च्या जानेवारींत त्यांनीं पुन्हां बिल आणलें. परंतु याच वेळीं धान्यावरील जकातीचा प्रश्न ऐरणीवर आला होता. ही जकात कायम ठेवावी या मताचे म्हणून डॉर्सेटच्या शेतकऱ्यांनीं त्यांस निवडून दिलें होतें. आणि विचारान्तीं ती उठविली पाहिजे असें त्यांचें मत झालें. कायद्यानें त्यांस जागा सोडण्याचें कारण नव्हतें. मनानें मात्र होतें. ज्यांच्या मतांनीं आलों त्यांच्याच विरुद्ध त्या जागेवरून मत देणें त्यांना प्रामाणिकपणाचें वाटेना, म्हणून त्यांनीं आपल्या जागेचा राजीनामा दिला.

याचा परिणाम काय झाला? ज्या बिलासाठीं त्यांनीं तेरा वर्षें रक्त आटविलें, तें जॉन फील्डन नांवाच्या एका गिरणीवाल्या सद्गृहस्थांच्या हातीं गेलें, आणि १८४७ च्या जून महिन्यांत मंजूर झालें. स्त्रिया व १३ ते १८ वर्षांचीं मुलें यांचें काम दिवसास दहा तासांवर आलें. त्या दिवशीं लॉर्ड ॲशले सभासद नव्हते. लावणी एकानें करावी आणि कापणीच्या वेळीं तो शिवारांत नसावा, तसें झालें. दुसरा कोणी असता तर खंतावला असता. त्यांनीं मात्र ईश्वराचे आभार मानले, फील्डन यांचें अभिनंदन केलें, आणि हातीं आलेल्या मोकळ्या वेळांत लंडनच्या दरिद्री वस्त्यांतून पायीं हिंडून तेथील स्थिति डोळ्यांनीं पाहिली.

याहून कडू घोट पुढें प्यावा लागला. १८४७ च्या अखेरीस ते बाथ शहरातर्फे पुन्हां कॉमन्स सभेंत आले. गिरणीवाल्यांनीं नव्या कायद्यांत पळवाट काढली : मुलें पाळीपाळीनें आंतबाहेर ठेवून यंत्रें दिवसभर चालवावयाचीं, म्हणजे कोणी किती तास काम केलें हें इन्स्पेक्टरला कळूं नये. ही पळवाट बंद करण्यासाठीं १८५० सालीं तडजोड निघाली. गिरणी सकाळीं सहा ते सायंकाळीं सहा अशी ठराविक वेळ चालावी, शनिवारीं दुपारीं दोन वाजतां सुटावी. मात्र रोजचे दहा तासांऐवजीं साडेदहा तास व्हावे. लॉर्ड ॲशले यांनीं ही तडजोड मान्य केली. तेव्हां ज्या मजुरांसाठीं ते सतरा वर्षें झगडले त्यांतीलच पुष्कळांनीं त्यांस विश्वासघातकी म्हटलें. निंदा शत्रूनें केली तर सोसवते. आपल्या माणसांनीं केली तर काळजांत रुतते. परंतु कागदावरच्या दहा तासांपेक्षां प्रत्यक्ष पाळले जाणारे साडेदहा तास हितकर, अशी त्यांची खात्री होती, आणि टाळ्यांसाठीं ती त्यांनीं बदलली नाहीं. शनिवारची अर्धी सुट्टी गिरणीच्या मजुरास कायद्यानें मिळाली ती याच तडजोडींत.

शाळेच्या या वार्षिकांत त्यांच्या शाळांविषयीं लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें. लंडनमध्यें हजारों मुलें रस्त्यांवर, पुलांखालीं, रिकाम्या पिंपांत झोंपत. त्यांच्या अंगावर चिंध्या. म्हणून चांगल्या शाळा त्यांना दारांत उभें करीत नसत. अशा मुलांसाठीं कांहीं धर्मशील माणसांनीं तबेल्यांत, माळ्यांवर, मिळेल त्या जागीं फुकट शाळा उघडल्या होत्या. फाटक्या कपड्यांच्या मुलांच्या म्हणून त्यांस ‘रॅगेड स्कूल’ म्हणत. १८४४ सालीं या शाळांचा संघ स्थापन झाला. लॉर्ड ॲशले त्याचे अध्यक्ष झाले आणि सुमारें चाळीस वर्षें राहिले. ते केवळ नांवाचे अध्यक्ष नव्हते. वर्गांत जाऊन बसत, मुलांचीं नांवें विचारीत, हिंवाळ्यांत ऊन रश्शाची सोय झाली कीं नाहीं तें पाहत. १८४८ सालीं तर लंडनच्या चोरांनीं त्यांस आपल्या सभेस बोलाविलें. आपला धंदा न लपविणारे सुमारें ४०० चोर तेथें जमले होते. हे गृहस्थ पोलीस न घेतां त्यांच्यांत जाऊन बसले आणि त्यांच्या अडचणी त्यांनीं ऐकून घेतल्या. त्यांपैकीं कांहींजण पुढें कॅनडास जाऊन कष्टाची भाकरी खाऊं लागले.

त्यांच्या चिकाटीचें सर्वांत मोठें उदाहरण धुराडीं झाडणाऱ्या पोरांचें आहे. इंग्लंडांत थंडीमुळें घरोघर शेगड्या व त्यांचीं उंच, अरुंद, वांकडीं धुराडीं असत. त्यांतील काजळी काढण्यासाठीं पांच-सहा वर्षांच्या मुलांस आंत चढवीत. कोंपर व गुडघे घट्ट व्हावे म्हणून त्यांस मिठाचें पाणी चोळीत. कोणी आंत अडकून गुदमरे, कोणास काजळीनें कर्करोग होई. १८४० सालीं लॉर्ड ॲशले यांच्या साहाय्यानें कायदा झाला कीं, एकवीस वर्षांखालील कोणासही धुराड्यांत चढवूं नये. परंतु कायदा पाळावयाचा कोणी? ज्यांच्या घरीं धुराडीं तेच गांवचे मॅजिस्ट्रेट! १८६४ सालीं दुसरा कायदा झाला. त्याचीही तीच गत झाली. १८७५ च्या फेब्रुवारींत केंब्रिजजवळ फुलबोर्न येथील धुराड्यांत जॉर्ज ब्रूस्टर नांवाचा मुलगा अडकून मेला. तो बारा वर्षांचाही झाला नसेल. आणि ती इमारत कोणाची? वेड्यांच्या सरकारी इस्पितळाची. एका दुःखी वर्गासाठीं त्यांनीं पन्नास वर्षें खपावें, आणि त्याच्याच आश्रयस्थानांत दुसऱ्या दुःखी वर्गांतील मुलाचा बळी जावा, असा हा दैवयोग होता. चौऱ्याहत्तर वर्षांचा म्हातारा पुन्हां उभा राहिला. त्यानें आणलेल्या कायद्यानें प्रत्येक धुराडेंवाल्यास पोलिसांचा परवाना आवश्यक केला, आणि तेव्हां ती दुष्ट चाल अखेर बंद पडली. पस्तीस वर्षें लागलीं.

१८५१ सालीं वडील वारले आणि ते शाफ्ट्सबरीचे सातवे अर्ल होऊन लॉर्ड्स सभेंत गेले. डॉर्सेट परगण्यांतील वडिलोपार्जित जहागीर हातीं आली ती कर्जांत बुडालेली, आणि तेथील मजुरांचीं घरें पडकीं, दमट व घाणेरडीं. गिरणीवाल्यांस नांवें ठेवणाऱ्या सरदारांच्या स्वतःच्या गांवांत काय आहे, असा टोमणा विरोधक पूर्वींपासून मारीत, आणि तो निराधार नव्हता. त्यांनीं तो मुकाट्यानें ऐकला. कर्ज असतांनाही जमिनीचा कांहीं भाग व घराण्यांतील जुनीं चित्रें विकण्याचा विचार करून त्यांनीं मजुरांसाठीं नवीं घरें बांधण्यास आरंभ केला. पैशाची ओढाताण मात्र जन्मभर संपली नाहीं.

त्यांचा आपल्या देशाशीं कांहीं संबंध आला होता काय, असें वाचक विचारतील. आला होता. १८२८ ते १८३० पर्यंत ते हिंदुस्थानच्या कारभारावर देखरेख ठेवणाऱ्या बोर्ड ऑफ कंट्रोलवर होते. १८४३ सालीं त्यांनीं चीनशीं चालणाऱ्या अफूच्या व्यापाराविरुद्ध पार्लमेंटमध्यें ठराव आणला. माळव्याची अफू आपल्या मुंबई बंदरांतूनच जात असे. १८४४ सालीं सिंधच्या अमिरांस झालेल्या अन्यायाविषयीं त्यांनीं दाद मागितली. दोन्ही ठिकाणीं यश आलें नाहीं. पुढें मुंबईत कापडगिरण्या वाढल्या आणि इंग्लंडांत जें घडलें तेंच येथें घडूं लागलें. १८७५ व १८७९ सालीं शाफ्ट्सबरी यांनीं हिंदी गिरण्यांतील मुलांचा व स्त्रियांचा प्रश्न लॉर्ड्स सभेंत काढला. मुंबईत सोराबजी शापुरजी बंगाली हे याच कामासाठीं झटत होते. लँकेशरच्या गिरणीवाल्यांना आपल्या गिरण्यांची स्पर्धा नको होती, म्हणून त्यांनींही या मागणीस हातभार लावला, हें खरें. परंतु शाफ्ट्सबरी यांचा हेतु निराळा होता, हें त्यांचें सर्व आयुष्य सांगतें. १८८१ सालीं पहिला हिंदी फॅक्टरी ॲक्ट झाला. त्यानें सात वर्षांखालील मुलांस गिरणीची बंदी केली आणि बारा वर्षांखालील मुलांचें काम ९ तासांवर आणलें. कायदा अपुरा होता. पुढें नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं गिरणीकामगारांची सभा भरवून साप्ताहिक सुट्टी मागितली, आणि १८९१ च्या कायद्यानें ती दिली. लोखंडे यांचा लढा स्वतंत्र व मुंबईच्या मातींतला होता. पण दोन्ही लढ्यांचें गोत्र एकच.

चरित्र म्हणजे स्तुतिपाठ नव्हे. म्हणून त्यांचे दोषही सांगितले पाहिजेत. गरिबांस पोटभर अन्न, विश्रांति व शिक्षण मिळावें असें त्यांस वाटे. पण मताधिकार मिळावा असें वाटत नसे. १८३२ आणि १८६७ या दोन्ही वेळीं मताधिकार वाढविण्यास त्यांनीं विरोध केला. धर्मविषयक वादांत ते फार कडक बोलत. १८५७ च्या बंडाच्या वेळीं, कलकत्त्याच्या एका पत्राचा हवाला देऊन, इंग्रज स्त्रियांच्या विटंबनेच्या भयंकर गोष्टी त्यांनीं भर सभेंत सांगितल्या. पुढें तें पत्र आपण स्वतः वाचलें नव्हतें असें त्यांस कबूल करावें लागलें. खाणींच्या प्रश्नांत एकेक साक्ष पारखून घेणाऱ्या माणसानें येथें ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेविला, आणि त्या काळीं अशा अफवांनीं सूडाच्या आगींत तेल ओतलें. हा दोष लहान नव्हे. थोर पुरुषाचेंही पाऊल कोठें घसरतें तें पाहून ठेवावें, म्हणजे आपलें सांवरतां येतें.

त्यांच्या घरावर दुःखाचे घाव पुष्कळ पडले. दहा मुलांपैकीं कित्येक त्यांच्या डोळ्यांदेखत गेलीं. हॅरोस शिकणारा फ्रान्सिस हा गुणी मुलगा १८४९ सालीं वारला. १८७२ च्या ऑक्टोबरांत पत्नी गेली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कन्या कॉन्स्टन्स गेली. शोकानें खचून न जातां त्यांनीं पत्नीच्या नांवें एक फंड काढला, आणि त्यांतून लंडनच्या रस्त्यांवर फुलें व पाणसुरणी विकणाऱ्या बायकांना थंडीच्या दिवसांत भांडवलासाठीं कर्ज मिळूं लागलें. हातगाडीवर भाजी व फळें विकणाऱ्या फेरीवाल्यांच्या संघाचे ते सभासद झाले. त्या लोकांनीं प्रेमानें त्यांस एक गाढव नजर केलें, आणि सरदारसाहेबांनीं तें मोठ्या आनंदानें स्वीकारलें.

१ ऑक्टोबर १८८५ रोजीं फोकस्टन येथें, वयाच्या चौऱ्याऐंशींव्या वर्षीं, ते वारले. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें राजे व कवि यांच्या शेजारीं दफन होण्याचा मान त्यांस देऊं केला होता. तो त्यांनीं नाकारला आणि सेंट जाइल्स या आपल्या गांवच्या चर्चमध्यें चिरविश्रांति मागितली. मात्र ८ ऑक्टोबर रोजीं ॲबेमध्यें प्रार्थना झाली. त्या दिवशीं शाळांचीं मुलें, फुलवाल्या, फेरीवाले, मजूर आपापल्या संस्थांचीं निशाणें घेऊन आले होते. हॅरोच्या टेकडीवर ज्या गरिबामागें रडणारें कोणी नव्हतें, त्याची आठवण येथें कोणास होणार नाहीं?

लंडनच्या पिकॅडिली चौकांत १८९३ सालीं त्यांच्या स्मरणार्थ एक कारंजें उभारण्यांत आलें. त्यावर शिल्पकार आल्फ्रेड गिल्बर्ट यांनीं घडविलेली, पंख असलेल्या धनुर्धराची ॲल्युमिनियमची मूर्ति आहे. लोक तिला मदनाची मूर्ति समजतात, आणि तें कारंजें कोणाचें हें पुष्कळांस ठाऊक नसतें. त्यांत वाईट वाटण्याजोगें कांहीं नाहीं. ज्या दिवशीं बिल मंजूर झालें त्या दिवशींही त्यांची जागा रिकामीच होती; तरी मुलें दहा तासांनीं घरीं गेलीं तीं गेलींच.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या वयांतही एखाद्या दिवशीं रस्त्यांत असें कांहीं दिसेल कीं, मन कळवळेल. त्या क्षणींचा निश्चय ही ईश्वराची देणगी होय. परंतु तो दुसऱ्या दिवशीं, दुसऱ्या वर्षीं, आणि लोक नांवें ठेवूं लागले तरीही पाळणें, हें आपलें काम. आणि पालकांस एवढीच विनंति कीं, मारिया मिलिस हिचें घड्याळ त्यांनीं विसरूं नये. मुलाच्या हातीं आपण काय ठेवून जातों, यावर तो पुढें कोणाच्या हांकेस ओ देईल हें पुष्कळ अंशीं ठरतें.